ज्वालेवांचून अग्नि

अग्नीपासून अग्नि उत्पन्न होतो, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. काडीनें दिवा लागतो, एका दिव्यानें दुसरा लागतो, चुलींतील निखारा शेजारच्या चुलींत गेला कीं तेथेंही जाळ होतो. यामुळें आपल्या मनांत असा एक समज घट्ट बसला आहे कीं, जेथें ज्वाला किंवा ठिणगी नाहीं तेथें आगीचें भय नाहीं. "काडी ओढूं नका, म्हणजे झालें," असें म्हणून आपण निर्धास्त होतों. हा समज अर्धाच खरा आहे. आणि अर्धवट समजुती पुष्कळदां अज्ञानाहूनही घातक ठरतात.

आपल्या बीड जिल्ह्यांत विहिरीवर किंवा गांवच्या पिठाच्या गिरणींत चालणारें डिझेल इंजिन बहुतेकांनीं पाहिलें असेल. वीज आल्यापासून अशीं इंजिनें कमी झालीं, परंतु अगदींच नाहींशीं झालीं नाहींत. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींत ठिणगी पाडणारा प्लग असतो, तसा या इंजिनांत नसतो. त्यांत कोणी काडी लावीत नाहीं, निखारा टाकीत नाहीं. तरीही त्यांतील तेल एका मिनिटांत शेंकडों वेळां पेट घेतें. मग त्या तेलास पेटवितें कोण?

उत्तर एकच आहे : उष्णता. ज्वालाग्राही द्रवाची वाफ हवेंत मिसळून ती पुरेशी तापविली म्हणजे ज्वालेचा स्पर्श न होतांही ती आपोआप पेट घेते. ज्या कमींत कमी तापमानास असें घडतें, त्यास त्या द्रवाचा स्वयंज्वलनांक म्हणतात. हा अंक प्रयोगशाळेंत कसा काढतात, त्याचा खरा अर्थ काय, आणि आपल्या घरांत, शेतांत व कारखान्यांत त्याचा उपयोग कसा होतो, हें थोडक्यांत सांगावें असा या लेखाचा हेतु आहे. लेखांतील तापमानाचे सर्व आंकडे सेंटिग्रेड, म्हणजे हल्लीं ज्यास सेल्सिअस म्हणतात, त्या मापाचे आहेत.

दोन तापमानांतील भेद

द्रव पदार्थ स्वतः जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. समईच्या वातीवर जी ज्योत दिसते ती तेलाच्या वाफेची व तिच्यापासून झालेल्या वायूंची असते. म्हणून एखादें द्रव किती ज्वालाग्राही आहे हें ठरवितांना दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. बाहेरची ज्योत जवळ आणली असतां तें किती तापमानास पेटेल, हा पहिला प्रश्न. बाहेरची ज्योत मुळींच नसतां तें किती तापमानास पेटेल, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे फ्लॅश पॉइंट. द्रव हळूहळू तापवीत गेलें असतां त्याच्या पृष्ठभागावर वाफ जमूं लागते. ती पुरेशी झाली कीं लहानशी ज्योत जवळ नेतांच क्षणभर भपकन् पेटते व विझते. हें ज्या तापमानास प्रथम घडतें तो फ्लॅश पॉइंट होय. तो मोजण्यासाठीं सर फ्रेडरिक एबल यांनीं सिद्ध केलेलें बंद प्याल्याचें उपकरण १८७९ सालीं इंग्लंडच्या कायद्यानें मान्य केलें. आपल्या देशांतील १९३४ चा पेट्रोलियम कायदाही खनिज तेलांचे वर्ग याच अंकावरून पाडतो. ज्यांचा फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खालीं तीं तेलें 'अ' वर्गांत, २३ ते ६५ पर्यंतचीं 'ब' वर्गांत आणि ६५ ते ९३ पर्यंतचीं 'क' वर्गांत येतात. पेट्रोल अर्थात् पहिल्या वर्गांत आहे व रॉकेल दुसऱ्या. या कायद्याची अंमलबजावणी पाहणारी जी केंद्रीय संस्था, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, तिचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरासच आहे.

आतां रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ३८ च्या आसपास असतो. इंग्लंडसारख्या थंड देशांत खोलींतील हवा एवढी क्वचितच तापते. म्हणून तेथें उघड्या रॉकेलवर ज्योत धरली तरी तें सहसा भडकत नाहीं. परंतु बीडच्या वैशाखांत पारा ४० च्या वर जातो हें आपणांस सांगावयास नको. पत्र्याच्या छपराखालीं किंवा उन्हांत ठेवलेल्या डब्यांतील रॉकेल त्या दिवसांत फ्लॅश पॉइंट ओलांडून गेलेलें असतें, व ज्योतीपुढें जवळजवळ पेट्रोलसारखें वागतें. पुस्तकांतील एकच आंकडा थंड देशांत अभय देतो आणि आपल्या उन्हाळ्यांत इशारा देतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे आपला प्रस्तुतचा विषय, स्वयंज्वलनांक. कांहीं परिचित द्रवांचे दोन्ही अंक खालीं दिले आहेत. ते स्थूल मानानें घ्यावे. तसे कां, याचा खुलासा पुढें येईल.

पेट्रोल : फ्लॅश पॉइंट उणे ४३, स्वयंज्वलनांक सुमारें २८०.
रॉकेल : फ्लॅश पॉइंट सुमारें ३८, स्वयंज्वलनांक सुमारें २१०.
मद्यार्क, म्हणजे स्पिरिट : फ्लॅश पॉइंट १३, स्वयंज्वलनांक सुमारें ३६३.
ॲसिटोन : फ्लॅश पॉइंट उणे २०, स्वयंज्वलनांक सुमारें ४६५.
ईथर : फ्लॅश पॉइंट उणे ४५, स्वयंज्वलनांक १६० ते १८०.
कार्बन डायसल्फाइड : फ्लॅश पॉइंट उणे ३०, स्वयंज्वलनांक सुमारें ९०.
टर्बाइनचें वंगण तेल : फ्लॅश पॉइंट सुमारें २०४; स्वयंज्वलनांक सुमारें ३७१.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहिलें तर एक नवल दिसून येईल. ज्योतीच्या बाबतींत पेट्रोल हें रॉकेलहून कितीतरी अधिक घातक. परंतु ज्योत नसून केवळ तापलेला पृष्ठभाग असेल, तर रॉकेलच आधीं पेटण्याचा संभव आहे! म्हणजे 'अमुक द्रव अधिक ज्वालाग्राही' हें वाक्य अपुरें आहे. कशानें पेटणार, हें सांगितल्यावांचून त्यास अर्थ येत नाहीं. कार्बन डायसल्फाइडची गोष्ट तर याहूनही विलक्षण. त्याचा स्वयंज्वलनांक उकळत्या पाण्याच्या तापमानाहूनही कमी. त्याची वाफ पेटावयास काडी नको, निखारा नको; वाफेनें तापलेली एखादी साधी नळी पुरे होते.

आपोआप पेट घेण्याचें कारण

हें घडतें कसें? कोणतेंही ज्वलन म्हणजे पदार्थाचा प्राणवायूशीं होणारा संयोग. हा संयोग थंड स्थितींतही अत्यंत मंद गतीनें चालूं असतो व त्यांतून थोडी उष्णता निघते. परंतु ती भोंवतालच्या हवेंत व भांड्याच्या भिंतींत लगेच निघून जाते. तापमान वाढविलें कीं संयोगाची गति झपाट्यानें वाढते. मात्र उष्णता निघून जाण्याची गति तितक्या वेगानें वाढत नाहीं. अखेर अशी वेळ येते कीं, निघणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेहून अधिक होते. मग शिलकी उष्णतेनें तापमान वाढतें, वाढलेल्या तापमानानें संयोग अधिक वेगानें होतो, त्यानें आणखी उष्णता निघते. आणि पाहतां पाहतां सर्व वाफ पेट घेते. ज्याच्या घरीं रोजची मिळकत खर्चाहून अधिक, त्याची शिल्लक वाढत जाते, तसाच हा जमाखर्च आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेमेनोव्ह यांनीं १९२८ च्या सुमारास या जमाखर्चाचें गणित मांडलें. रासायनिक क्रियांच्या गतीवरील संशोधनाबद्दल त्यांस व इंग्लंडचे हिन्शेलवुड यांस १९५६ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

या नियमाचें एक रूप शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांस ठाऊक असेलच. ओलसर गवत किंवा कडबा नीट न वाळवितां गंज रचली तर ती आंतून तापते, वाफाळते, व क्वचित् कोणी काडी न लावतां जळूनही जाते. आरंभींची उष्णता तेथें सूक्ष्म जंतूंच्या क्रियेनें येते, पुढची प्राणवायूच्या संयोगानें; आणि गंजीच्या पोटांतून ती बाहेर पडूं शकत नाहीं. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत पडून राहिला तर तोही याच कारणानें पेटतो. मात्र या गोष्टी घडावयास कित्येक तास किंवा दिवस लागतात. द्रवाच्या वाफेचें स्वयंज्वलन हें याच कुळांतील, परंतु क्षणांत किंवा कांहीं मिनिटांत घडणारें आहे.

परीक्षेची पद्धति

आतां प्रत्यक्ष परीक्षा कशी करतात तें पाहूं. उदाहरणासाठीं मद्यार्क घेऊं. कारण त्याचा आपल्या जिल्ह्याशीं जवळचा संबंध आहे. दरवर्षीं बीडमधून लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांनीं तोडलेल्या उसाची साखर झाल्यावर मागें राहिलेल्या मळीपासून कारखान्यांच्या आसवनींत मद्यार्क काढतात, आणि तोच आज पेट्रोलमध्यें मिसळला जातो. २०२५ सालीं हें मिश्रण देशांत शेंकडा २० पर्यंत पोंचलें. इतक्या मोठ्या प्रमाणांत जो पदार्थ टाक्यांतून व नळ्यांतून वाहतो, तो कोणत्या उष्णतेस दगा देईल हें ठाऊक असणें किती अगत्याचें आहे, हें निराळें सांगणें नको.

अमेरिकेंत १९७८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली व आज पुष्कळ ठिकाणीं रूढ असलेली पद्धति अशी आहे. पक्क्या उष्णतासह कांचेचा ५०० मिलिलिटरचा गोल बुडाचा चंबू घेतात. सर्व बाजूंनीं उष्णता सारखी लागावी म्हणून त्यास बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळतात, आणि तो विजेच्या भट्टींत अशा रीतीनें बसवितात कीं त्याची मान तेवढी वर राहावी. चंबूच्या बाहेरील अंगास वर, मध्यें व खालीं, आणि आंत मध्यभागीं, अशीं चार ठिकाणीं दोन धातूंच्या तारांचीं सूक्ष्म तापमापकें बसविलेलीं असतात. भट्टी इच्छित तापमानास आणून तें पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबतात.

मग खोलींत अंधार करतात. हें कशासाठीं? मद्यार्काची ज्योत इतकी फिकट निळी असते कीं ती भर उजेडांत दिसतच नाहीं. चंबूच्या तोंडावर एक आरसा तिरपा टांगलेला असतो. परीक्षक चंबूवर वांकून पाहत नाहीं. बाजूस सुरक्षित उभा राहून आरशांतून आंत पाहतो. नंतर बारीक सुईच्या पिचकारीनें द्रवाचा एक दशांश मिलिलिटर, म्हणजे अवघे कांहीं थेंब, चंबूंत झटकन् सोडून पिचकारी काढून घेतात व त्याच क्षणीं घड्याळ चालूं करतात.

येथून दहा मिनिटें लक्ष ठेवावयाचें. ज्योत दिसली व त्याच वेळीं आंतील तापमापकाचा कांटा एकदम वर उसळला, तर स्वयंज्वलन झालें असें समजतात, व द्रव सोडल्यापासून किती वेळ लागला तें टिपून ठेवतात. दहा मिनिटांत कांहींच घडलें नाहीं, तर त्या तापमानास पेट नाहीं असें नोंदवितात. प्रत्येक खेपेनंतर चंबूंतील जळका वायु गरम कोरड्या हवेनें पूर्ण हांकून लावतात. कारण त्याचा थोडाही अंश राहिला तर पुढील निकाल बिघडतो. पेट न घेतल्यास तापमान वाढवून आणि घेतल्यास तें कमी करून प्रयोग पुनः पुनः करतात. अशा रीतीनें एका बाजूस 'पेटतें' व दुसऱ्या बाजूस 'पेटत नाहीं' अशीं दोन तापमानें एकमेकांच्या अगदीं जवळ, दोन-तीन अंशांच्या अंतरावर, आणून ठेवतात.

एवढ्यानें काम संपत नाहीं. तेवढाच प्रयोग द्रवाचें प्रमाण अर्धें करून व मग दीडपट, अडीचपट करून पुन्हा करावा लागतो. याचें कारण थोड्या गणितानें समजेल. एक दशांश मिलिलिटर मद्यार्काची ३६३ अंशांस सुमारें ९० मिलिलिटर वाफ होते. म्हणजे ५०० मिलिलिटरच्या चंबूंत शेंकडा १८ च्या आसपास. मद्यार्काची वाफ हवेंत शेंकडा ३.३ हून कमी असली तर ज्योत पसरावयास ती अपुरी पडते, आणि शेंकडा १९ हून अधिक असली तर प्राणवायु अपुरा पडतो. या मर्यादा सामान्य तापमानाच्या आहेत, व उष्णतेनें त्या थोड्या रुंदावतात. तरी मुद्दा तोच राहतो. कोणतें प्रमाण पेट घेण्यास सर्वांत अनुकूल, हें आधीं ठाऊक नसतें. म्हणून निरनिराळीं प्रमाणें घेऊन पाहणें भाग पडतें, आणि त्या सर्वांत जें सर्वांत कमी तापमान मिळतें तोच त्या द्रवाचा स्वयंज्वलनांक म्हणून लिहितात.

येथें एक सूचना स्पष्टपणें केली पाहिजे. ही परीक्षा शाळेच्या किंवा घरच्या साहित्यावर करण्याची नव्हे. ती शिकलेल्या माणसांनीं, योग्य भट्टींत व धूर ओढून नेणाऱ्या कपाटांतच करावयाची असते.

आंकडा एकच कां नाहीं?

निरनिराळ्या पुस्तकांत एकाच द्रवाचे निरनिराळे अंक आढळतात. ईथरचा कोठें १६० तर कोठें १८०. हा मुद्रकाचा दोष नव्हे, किंवा शास्त्रज्ञांचा निष्काळजीपणाही नव्हे. पाणी शुद्ध असेल व हवेचा दाब ठरलेला असेल, तर तें ठरल्या तापमानास उकळतें. तो पाण्याचा गुण आहे. स्वयंज्वलनांक मात्र एकट्या द्रवाचा गुण नाहीं. तो द्रव, हवा व भांडें या तिघांचा मिळून आहे.

भांडें जितकें लहान तितकी त्याच्या भिंतींतून उष्णता अधिक वेगानें जाते; म्हणून लहान भांड्यांत पेट घ्यावयास अधिक तापमान लागतें, मोठ्यांत कमी. युरोपांत रूढ असलेल्या पद्धतींत २०० मिलिलिटरचा निमुळता चंबू घेतात व पांच मिनिटेंच वाट पाहतात. तेव्हां दोन्ही पद्धतींचे आंकडे तंतोतंत जुळावे ही अपेक्षाच करूं नये. यावरून हेंही उघड होतें कीं, प्रयोगशाळेंतील लहान चंबूचा आंकडा कारखान्यांतील अजस्र टाकीस जशाचा तसा लावणें धोक्याचें आहे.

दुसरें कारण दाब. हवेचा दाब वाढला कीं वाफेचे व प्राणवायूचे कण अधिक दाटीनें एकत्र येतात व स्वयंज्वलनांक खालीं उतरतो. बीड हें समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच असल्यामुळें येथील वायुभारमापकाचा पारा मुंबईपेक्षां खालीं असतो. म्हणून परीक्षेच्या अहवालांत त्या दिवसाचा वायुभार लिहिण्याची शिस्त आहे.

तिसरें कारण वेळ. स्वयंज्वलनांकाहून पुष्कळ अधिक तापमानास द्रव सोडलें तर तें तत्क्षणीं पेटतें. परंतु अगदीं काठावरच्या तापमानास मिनिटेंच्या मिनिटें कांहीं घडत नाहीं, आणि मग एकाएकीं ज्योत उठते. या विलंबामुळेंच माणूस फसतो. 'इतका वेळ झाला, कांहीं झालें नाहीं' हें पुढेंही कांहीं होणार नाहीं याचें प्रमाण नव्हे.

चवथें कारण सर्वांत मनोरंजक आहे. कांहीं द्रवांच्या बाबतींत, विशेषतः ईथरच्या, खऱ्या ज्वलनांकाच्या खालींच अंधारांत एक मंद निळसर प्रभा दिसते. ती फारशी तापत नाहीं, व कागदही तिच्यानें सहसा जळत नाहीं. हिलाच शीत ज्वाला म्हणतात. खाणींतील सुरक्षित दिव्यासाठीं प्रसिद्ध असलेले सर हम्फ्री डेव्ही यांस ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेशीं व ईथरच्या वाफेशीं प्रयोग करतांना आढळली, व १८८२ सालीं पर्किन यांनीं तिचें अधिक वर्णन केलें. ही ज्वाला दुबळी असली तरी अनुकूल स्थितींत ती खऱ्या ज्वालेंत पालटूं शकते. म्हणून दक्ष परीक्षक तिचीही नोंद करतो.

तेव्हां कोणी आपणांस स्वयंज्वलनांक सांगितला तर आपण विचारावें : कोणत्या भांड्यांत? किती दाबाला? किती वेळ वाट पाहून? हे प्रश्न विचारणें म्हणजे आंकड्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. आंकडा समजून घेण्याची तीच वाट आहे.

रेणूची घडण व इंजिनाचें रहस्य

रॉकेल पेट्रोलच्या आधीं पेटतें याचें कारण त्यांच्या रेणूंच्या घडणींत आहे. ज्या रेणूंत कार्बनचे अणु सरळ लांब माळेंत गुंफलेले असतात, त्यांवर प्राणवायु कमी तापमानास हल्ला करूं शकतो. ज्यांत माळेस फांद्या फुटलेल्या असतात ते अधिक काळ टिकाव धरतात. सरळ माळेच्या हेप्टेनचा स्वयंज्वलनांक २०० च्या थोडा वर, तर फांद्या असलेल्या आयसो-ऑक्टेनचा ४०० हूनही अधिक. पेट्रोलच्या प्रतीचा जो ऑक्टेन अंक आपण पंपावर वाचतों, त्याचीं दोन टोकें हींच आहेत : हेप्टेन म्हणजे शून्य व आयसो-ऑक्टेन म्हणजे शंभर. पेट्रोलच्या इंजिनांत वाफ ठिणगीनेंच पेटावी, तिच्या आधीं आपोआप पेटूं नये. तशी पेटली कीं इंजिन खडखड ठोके देऊं लागतें. म्हणून तेथें न पेटणें हा गुण.

डिझेल इंजिनांत नेमकें उलट. तेथें आपोआप पेटणें हाच गुण. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं आउग्सबर्ग येथें यशस्वी झालें. त्यांत आधीं केवळ हवा आंत घेऊन ती जोरानें दाबतात. आरंभीं हवा २७ अंशांची, म्हणजे निरपेक्ष मापानें ३०० ची आहे असें धरूं. ती मूळ जागेच्या सोळाव्या हिश्शांत दाबली व उष्णता मुळींच बाहेर गेली नाहीं, तर गणितानें तिचें तापमान ६३६ अंश येतें. प्रत्यक्षांत कांहीं उष्णता भिंतींत जाते, म्हणून तें कमी भरतें. तरीही डिझेलच्या स्वयंज्वलनांकाहून तें पुष्कळच अधिक असतें. अशा तापलेल्या, दाबलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडला कीं तो लागलाच पेटतो. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचीं इंजिनें आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचीं आहेत. त्यांचेंही तत्त्व हेंच. हिंवाळ्याच्या पहाटे तें इंजिन लवकर कां सुरू होत नाहीं, याचें उत्तरही आतां आपणांस देतां येईल : थंड लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतें, व हवा हव्या त्या तापमानास पोंचत नाहीं.

कारखान्यांतील उपयोग

इंजिनांत जें आपण मुद्दाम घडवून आणतों, तेंच कारखान्यांत घडूं नये म्हणून खटपट करावी लागते. ज्वालाग्राही वाफ असण्याचा संभव जेथें आहे, तेथें वापरावयाच्या विजेच्या मोटारी, दिवे व कळी यांचे त्यांच्या पृष्ठभागाच्या कमाल तापमानावरून सहा वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गास ४५० अंशांची मर्यादा, दुसऱ्यास ३००, तिसऱ्यास २००, चवथ्यास १३५, पांचव्यास १०० व सहाव्यास ८५. आतां वरील यादी पुन्हा पाहावी. मद्यार्काचा अंक ३६३; म्हणून आसवनींत दुसऱ्या वर्गाचें साहित्य चालतें, पहिल्या वर्गाचें नाहीं. ईथरला चवथा वर्ग हवा. आणि कार्बन डायसल्फाइडजवळ सहाव्याहून खालच्या कोणत्याही वर्गाचा दिवा लावणें म्हणजे संकटास आमंत्रण.

आपल्या परळी वैजनाथचें औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालीं सुरू झालें. अशा मोठ्या केंद्रांत टर्बाइनला जाणारी वाफ सामान्यतः ५०० अंशांहून अधिक तापलेली असते, आणि तिच्याच शेजारून टर्बाइनच्या धारव्यांस वंगण पुरविणाऱ्या तेलाच्या नळ्या जातात. या तेलाचा फ्लॅश पॉइंट २०४. म्हणून त्याच्या बादलींत कोणी जळती काडी टाकली तरी ती बहुधा विझून जाईल. तें पाहून एखादा म्हणेल, हें तेल निरुपद्रवी आहे. परंतु त्याचा स्वयंज्वलनांक ३७१. नळीचा सांधा सुटून तें उघड्या वाफनळीवर उडालें तर त्यास काडीची गरज नाहीं.

येथें आणखी एक बारकावा आहे. मोकळ्या हवेंतील तापलेल्या पृष्ठभागावर तेल पडलें तर त्याची वाफ वर उडून जाते व थंड होते. म्हणून तेथें पेट घ्यावयास चंबूंतील आंकड्याहून पुष्कळदां शंभर-दोनशें अंश अधिक लागतात. परंतु तेंच तेल नळीवरील उष्णतारोधक वेष्टनांत मुरलें, तर वाफ आंत कोंडली जाते, उष्णता बाहेर जात नाहीं, आणि गवताच्या गंजीची गोष्ट पुन्हा घडते : मग आंकड्याहून कमी तापमानासही आग लागूं शकते. म्हणून तेलानें भिजलेलें वेष्टन दिसतांच तें काढून टाकणें, हें अशा ठिकाणच्या कामगाराचें पहिलें कर्तव्य असतें.

घरांतील चार गोष्टी

विज्ञान पुस्तकांत राहिलें तर तें अर्धें वायां गेलें. म्हणून वरील विवेचनांतून घरीं व शेतांत उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों.

पहिली : स्टोव्ह किंवा इंजिन विझवितांच त्यांत तेल ओतूं नये. ज्वाला गेली तरी तापलेला बर्नर किंवा धुराडी तेलाच्या स्वयंज्वलनांकाच्या वर असूं शकते. हात जवळ धरवेल इतकें तें निवूं द्यावें. विहिरीवर पाणी चालूं असतांना, इंजिन फिरत ठेवूनच डिझेल भरण्याची घाई पुष्कळजण करतात, ती टाळावी.

दुसरी : तळणाची कढई चुलीवर विसरूं नये. तेल प्रथम धुरावतें, आणि तसेंच तापत राहिल्यास, जाळाचा स्पर्श न होतांही, कढईंतच पेट घेतें. असें झाल्यास पाणी कदापि ओतूं नये. तें क्षणांत वाफ होऊन जळतें तेल चहूंकडे उडवितें. खालचा जाळ बंद करून कढईवर झाकण सरकवावें व ती निवेपर्यंत उघडूं नये.

तिसरी : तेलकट चिंध्या व सरकीच्या तेलानें माखलेला कापूस यांचा बोळा करून अडगळींत टाकूं नये. कापूस पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अशा चिंध्या पसरून वाळवाव्या, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवाव्या.

चवथी : पेट्रोल, स्पिरिट व २०२० च्या महामारीपासून घरोघर आलेलें हात धुण्याचें सॅनिटायझर, हीं चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवावीं. यांची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते व दूरच्या दिव्यापाशीं पेटून उलट येते. सॅनिटायझर चोळलेले हात पूर्ण वाळल्यावांचून चुलीजवळ जाऊं नये. त्याची ज्योत उजेडांत दिसत नाहीं, व चटका बसल्यावरच ती कळते.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेसाठीं स्वयंज्वलनांकाची व्याख्या पाठ करणें सोपें आहे. परंतु अंधाऱ्या खोलींत आरशाकडे डोळे लावून दहा मिनिटें निश्चल उभा राहणारा परीक्षक ती व्याख्या कोणासाठीं सिद्ध करतो, याचाही विचार करावा. आसवनींतील पाळीवरचा कामगार, टर्बाइनच्या शेजारीं उभा असलेला मदतनीस, विहिरीवर इंजिन चालविणारा आपला बाप, स्वयंपाकघरांत कढईपुढें बसलेली आपली आई, यांच्यासाठीं तो आंकडा आहे. ज्वाला दिसत नाहीं म्हणून अग्नि नाहीं, असें त्यांपैकीं कोणी पुढें म्हणेल, तर त्यांस शांतपणें व नम्रपणें हें समजावून सांगणें आपल्या हातीं आहे.